अललडुर्रपासून सुरुवात: सांगलीतल्या रविवारच्या खेळ-कार्यशाळेच्या नोंदी

शुक्रवार, 6 जून

हॉल मिळाला. गावभागातल्या एका शाळेचा वरचा मजला, दर रविवारी सकाळी आठ ते साडेअकरा. खाली शहाबादी फरशी आहे. पावसाळ्यात ती ओल धरते आणि पाय सटकतो, म्हणून मंडपवाल्याकडून जाड सतरंज्या भाड्याने आणायच्या. गॅदरिंगच्या सरावासाठी भिंतीवर मोठा आरसा लावलेला आहे, तो चादरीने झाकायचा. आरसा दिसला की माणूस आधी पोट आत घेतो आणि मग हलतो. अशाने पहिले दोन रविवार फुकट जातात.

सोळा नावं आली. वय एकोणीसपासून एकाहत्तरपर्यंत. मार्केट यार्डात हळदीची तोलाई करणारे काका, एका दवाखान्यातल्या नर्सताई, प्राथमिक शाळेतल्या बाई, रिक्षावाले मामा, बँकेत कॅशिअर असलेला तरुण, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी बसलेला मुलगा, दोन सख्ख्या जावा, आणि एक आजी, ज्यांचा फॉर्म नातीने परस्पर भरला. रंगमंचावर पाऊल ठेवलेलं यात जवळपास कुणी नाही. आम्हाला असाच गट हवा होता. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही, हे सगळ्यांना फोनवरच सांगितलंय.

फॉर्मवर ‘कशासाठी यायचंय?’ असा रकाना होता. बहुतेकांनी ‘आत्मविश्वास’ लिहिलंय. तोलाईदार काकांनी लिहिलंय, ‘बघू.’

सहकारी हलगी वाजवतो आणि तालाची बाजू सांभाळतो. त्याच्याशी बसून एक गोष्ट पक्की केली: ‘तुम्हाला आत काय वाटतंय ते सांगा’ असं कुणालाही विचारायचं नाही. प्रत्येकाला करायला काहीतरी द्यायचं. ‘स्वतःला शोधा’ म्हटलं की माणूस अंग चोरतो, किंवा ऐकलेलं काहीतरी सुविचारासारखं बोलून टाकतो. खेळात गुंतला की हातापायांतून, घशातून त्याचं त्याला काहीतरी सापडतं. ते आम्हाला सांगायचं की नाही, हे त्याने ठरवावं.

रविवार, 15 जून

पहिला अर्धा तास नुसतं चालणं. हलगी वाजली की चालायचं, थांबली की जागच्या जागी थांबायचं. मग नियम उलटा केला: हलगी चालू असताना उभं राहायचं, बंद पडली की चालायचं. सगळ्यांची त्रेधा उडाली. समोरचाही तितकाच गोंधळलाय हे दिसलं तसे सगळे हसायला लागले, आणि हसल्यावर सोळा जणांचे खांदे खाली आले. हे खांदे खाली आल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नसतो.

नंतर ओळख. आपलं नाव एका हालचालीसकट सांगायचं, गटाने ते नाव त्याच हालचालीने परत म्हणायचं. कॅशिअर तरुण म्हणाला, ‘मी काही हालचाल ठरवली नाही,’ आणि नुसतं नाव सांगितलं. पण नाव सांगताना त्याचा उजवा अंगठा तर्जनीवरून भराभर सरकत होता. नोटा मोजतात तसा. गटाने तोच अंगठा सरकवत त्याचं नाव म्हटलं. तो स्वतःच्या हाताकडे बघतच राहिला. आम्ही काही बोललो नाही, पुढच्या माणसाकडे वळलो.

शेवटी आरशाचा खेळ. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एक हलेल, दुसरा त्याचं प्रतिबिंब होईल. मग अदलाबदल. मग तिसरी पायरी: आता पुढारी कुणीच नाही, तरी दोघांनी एकत्र हलायचं. आजींची जोडी इंजिनिअरिंगवाल्या मुलाशी लागली. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही. मुलाने पहिल्या मिनिटातच ते ओळखलं, आणि पुढचा सगळा वेळ त्याने आपला हात त्यांच्या उंचीच्या वर नेला नाही. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

सोमवार, 16 जून

आरशाचा खेळ आमचा नव्हे. तो व्हायोला स्पोलिन यांचा, शिकागोचा. 1920च्या दशकात त्या नीव्हा बॉइड यांच्या हाताखाली शिकल्या. वस्तीतल्या लोकांना खेळांतून एकत्र आणणं, त्यांच्यातला संकोच घालवणं, हा बॉइडबाईंचा विषय. पुढे 1939 ते 1941 या काळात सरकारी रोजगार योजनेतून स्पोलिन यांनी नाट्यविभाग सांभाळला. समोर वेगवेगळ्या देशांतून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी कुटुंबं. तिथे व्याख्यानाचा काय उपयोग? म्हणून त्यांनी शिकवण्याची प्रत्येक गोष्ट एकेका खेळात बसवली. खेळाला नियम एकच आणि लक्ष ठेवायची गोष्टही एकच. लक्ष त्या गोष्टीवर खिळलं की ‘मी कसा दिसतोय’ ही धास्ती आपोआप मागे पडते.

मी हे वर्षानुवर्षं बघत आलेय, तरी दर वेळी नव्याने पटतं. काल तोलाईदार काकांचं सगळं लक्ष समोरच्या बाईंच्या कोपरावर होतं. आपण माना वेळावतोय, गुडघ्यात वाकतोय, याचं त्यांना भानच नव्हतं.

रविवार, 22 जून

आज आवाज.

सांगलीत आवाजाची कार्यशाळा घ्यायची तर सुरुवात राक्षसापासूनच करायला हवी. 5 नोव्हेंबर 1843 रोजी याच गावात विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने आपल्या नाटकाचा पहिला खेळ केला. त्या नाटकांत लिहिलेले संवाद नसत. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंगाला धरून आपापलं भाषण जागच्या जागी रचायची. आज ज्याला आपण उत्स्फूर्त नाट्य म्हणून मोठ्या शहरांतल्या शिबिरांत पैसे भरून शिकतो, त्याच्यावर मराठी रंगभूमीचा पायाच उभा आहे. आणि त्या नाटकांतला राक्षस यायचा तो ‘अललल डुर्रर्र’ अशी आरोळी ठोकत. पुढच्या पिढीने नाकं मुरडली, ‘अललडुर्र नाटकं’ म्हणून हिणवलं. मला त्या आरोळीबद्दल फार आदर आहे.

कारण ती घशाला अतिशय सोयीची आहे. ‘अललल’ म्हणताना जीभ सैल होते. ‘डुर्रर्र’ म्हणताना जिभेचं टोक किंवा ओठ थरथरतात, तोंडाची वाट अर्धी अडते, हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटायचे कमी होतात. आवाजाचे उपचार करणारे आज ओठांच्या थरथरीचा व्यायाम देतात, त्यामागचं कारण हेच.

आधी सगळ्यांना भिंतीला तळहात टेकवून नुसता ‘म्म्म’ असा गुंजारव करायला लावला. मग छातीवर हात, मग नाकाच्या शेंड्यावर, मग टाळूवर. थरथर कुठे लागते ते शोधायचं. नर्सताईंना ती पाठीत लागली. मग ओठांची फुर्र, बारीक आवाजापासून जाड्या आवाजापर्यंत आणि परत वर. मग गोल करून एकेकाने मध्ये यायचं आणि राक्षस व्हायचं.

शाळेतल्या बाईंचा घसा बावीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळून बसलेला आहे. त्या बोलतात ते घशाने ढकलून. त्यांची पहिली ‘अललल’ जेमतेम ऐकू आली. सहकाऱ्याने हलगीचा ठेका धरला आणि गटाला सांगितलं, बाईंनी पाऊल पुढे टाकलं की तुम्ही एक पाऊल मागे सरकायचं. त्यांनी एक पाऊल टाकलं, पंधरा माणसं मागे हटली. दुसरं पाऊल टाकलं, पंधरा माणसं आणखी मागे. तिसऱ्या पावलाला जो आवाज आला तो पोटातून आला. खिडकीच्या तावदानाने साद दिली आणि खालच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं. बाई स्वतः दचकल्या, मग म्हणाल्या, ‘घसा दुखला नाही हो!’

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, ‘वर्गात एवढा मोठा आवाज कसा काढू?’ आम्ही म्हटलं, मोठा आवाज काढायचा नाहीच आहे. तो आहे हे माहीत असलं म्हणजे लहान आवाज ढकलावा लागत नाही. शाळेत जायच्या आधी दोन मिनिटं फुर्र करायची, एवढं ठरलं.

आल्फ्रेड वोल्फसोन यांची गोष्ट गटाला सांगावी की नाही, यावर आमचं बरंच बोलणं झालं. बर्लिनचा हा तरुण पहिल्या महायुद्धात खंदकांत होता. मरणाऱ्या सैनिकांचे आवाज युद्धानंतरही त्याच्या कानांतून जाईनात. उपचारांनी गुण येईना, तेव्हा तो गायला लागला. माणसाच्या गळ्यातून निघू शकणारा प्रत्येक आवाज, किंकाळीसुद्धा, गाण्यात घ्यायचा त्याने ध्यास घेतला. पुढे नाझींच्या राजवटीतून निसटून तो लंडनला गेला आणि तिथे त्याने शिष्य तयार केले. शेवटी गोष्ट सांगितली, थोडक्यात. आजी म्हणाल्या, ‘बायका जात्यावर बसून हेच करायच्या.’

आजींच्या या वाक्यानंतर चर्चेची गरज उरली नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह ग्रामीण महाराष्ट्रातून झाला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. सासरचा जाच, भावाची वाट, विठ्ठलाशी भांडण, सगळं दळणाच्या लयीत. हात कामात असतात म्हणून तोंड मोकळं होतं.

रविवार, 29 जून

आज हात आणि काम. ‘रोज करता ते एक काम करून दाखवा, वस्तू न घेता.’ अभिनय करायचा नाही, फक्त काम करायचं.

तोलाईदार काका. आधी त्यांनी हवेतल्या पोत्यात हात घातला, एक हळकुंड काढलं, दोन्ही अंगठ्यांनी मोडलं आणि कानाजवळ नेलं. चांगली वाळलेली हळद मोडताना खणखणीत वाजते. ती वाजली, हे आम्हा सगळ्यांना त्यांच्या भुवयांवरून कळलं. मग गुडघा लावून पोतं काट्यावर सरकवलं, मान एकदाच खाली, एकदाच वर, आणि वजन पुकारलं. तो पुकारा ऐकून हॉल शांत झाला. या माणसाने पहिल्या रविवारी स्वतःचं नाव पुटपुटत सांगितलं होतं. यार्डात मात्र चार गाळ्यांपलीकडे ऐकू जाईल असा आवाज रोज काढतात. आवाज त्यांच्याकडे होताच, तो कामाच्या वेळेपुरता बाहेर यायचा.

‘आता याच आवाजात नाव सांगा,’ सहकारी म्हणाला. काकांनी नाव पुकारलं, मागोमाग गावाचं नावही. मग बायकोचं. मग नातवाचं. प्रत्येक नावासरशी मान एकदाच खाली, एकदाच वर.

रुडॉल्फ लाबान यांचं काम मला इथे नेहमी आठवतं. नृत्याचा हा मोठा अभ्यासक 1938 मध्ये इंग्लंडला आश्रयाला आला. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्यामुळे कारखान्यांत जड कामं बायकांकडे आली. लाबान आणि कारखान्यांचे सल्लागार एफ. सी. लॉरेन्स मिळून कामगारांच्या हालचाली तपासायला लागले. निव्वळ जोर लावून उचलण्याऐवजी अंगाचा झोका कसा वापरायचा, हे त्यांनी शिकवलं. हालचाल बघायच्या त्यांच्या चार खुणा आम्ही वापरतो: वजन, वेळ, जागा आणि ओघ. जोरात की अलगद, झटकन की सावकाश, थेट की वळत-वळत, रोखून की वाहू देत.

प्रत्येकाने आपलं काम तसंच ठेवून यातली एकच गोष्ट बदलायची. नर्सताईंचं इंजेक्शन देणं थेट आणि झटपट. ‘सावकाश करा’ म्हटल्यावर त्यांना दंडाला कापूस लावण्यापलीकडे जाताच येईना, परत परत वेग वाढायचा. सातव्या-आठव्या वेळी जमलं. मग त्या स्वतःहून म्हणाल्या, ‘मी घरी पोळ्यापण याच वेगाने लाटते. मुलीची वेणीपण याच वेगाने घालते. ती ओरडते.’ आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी एक हवेतली वेणी घातली, तीन पेड, अगदी सावकाश.

रविवार, 6 जुलै

आषाढी. सुट्टी. दोघे वारीत आहेत, बाकीच्यांचे उपास. सतरंज्या गच्चीत टाकून घेतल्या, ऊन मिळालं थोडं.

रविवार, 13 जुलै

अगम्य भाषेचे खेळ. शब्द वापरायचे नाहीत, ज्यांना अर्थ नाही असे आवाज काढत बोलायचं. एकाने वस्तू विकायची, दुसऱ्याने त्याचं ‘भाषांतर’ करायचं. रिक्षावाल्या मामांनी अशा भाषेत भाडं नाकारलं, आणि ते भाडं नाकारणं आहे हे सगळ्यांना पहिल्या सेकंदाला समजलं.

दोन्ही जावांनी भांडण घेतलं. खरं म्हणजे आम्ही ‘दोघी मिळून पापड वाळत घाला’ एवढंच सांगितलं होतं. धाकटीने एक पापड थोरलीच्या ओळीत ठेवला आणि भांडण सुरू झालं. शब्द नसल्यामुळे कुणी कुणाला मागचं काही काढून टोमणा मारू शकत नव्हतं. राहिला तो फक्त सूर, आणि सूर फार वेळ रागाचा ठेवता येत नाही, तो कुठेतरी गाण्यात घसरतो. शेवटी दोघी एकाच सुरात ओरडत होत्या.

दुसऱ्या भागात पत्त्यांचा खेळ. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये 1950च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलेल्या कीथ जॉनस्टन यांनी माणसांमधला वरचढपणा आणि दबलेपणा यांवर खेळ बांधले. हा त्याच घराण्यातला. प्रत्येकाच्या कपाळावर एक पत्ता लावायचा, तो त्याला स्वतःला दिसत नाही. बाकीच्यांनी पत्त्याच्या मानाप्रमाणे त्याच्याशी वागायचं. इंजिनिअरिंगवाल्या मुलाला बादशहा लागला. लोक वाट सोडायला लागले, खुर्ची पुढे करायला लागले. दोन मिनिटांत त्याची मान सरळ झाली, पावलं लांब पडायला लागली. मग बँकेतल्या तरुणाला दुर्री लागली, त्याला कुणी बघेचना. तोही दोन मिनिटांत भिंतीला जाऊन टेकला. खेळ संपल्यावर पत्ते काढले, तरी बादशहाची चाल घरी जाईपर्यंत तशीच होती. दुर्रीवाल्याला मात्र मुद्दाम मध्यभागी आणून सगळ्यांकडून त्याचं नाव पुकारून घेतलं. ही पायरी कधीही गाळायची नाही. कमीपणा अंगात घेऊन कुणी जिना उतरता कामा नये.

रविवार, 20 जुलै

‘फरशी बदलते’ हा कल्पनेचा खेळ. एकाने पुकारायचं, बाकीच्यांनी चालताना ते अंगात आणायचं. तापलेली वाळू. चिखल. नुकतं सारवलेलं अंगण. उसाचं पाचट. सगळं रंगात आलं होतं. पुकारायची पाळी रिक्षावाल्या मामांची आली आणि ते म्हणाले, ‘पाणी.’

घोट्यापर्यंत. लोक पाणी उडवत होते. गुडघ्यापर्यंत. पावलं जड झाली, काहींनी साड्या-पँटी धरल्या. ‘कंबरेपर्यंत,’ मामा म्हणाले, आणि हसण्याचा आवाज थांबला. त्यांचाही आवाज बदलला होता.

थोरल्या जाऊबाई बाकावर चढल्या. दोन्ही हात वर, हातांत काहीतरी धरलेलं, कोपरं थरथरत होती. डोळे उघडे होते, पण त्या हॉलमधलं काही बघत नव्हत्या.

आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे: कुणीही, कधीही तळहात वर केला की खेळ थांबतो, कारण विचारायचं नाही. नर्सताईंनी तळहात वर केला. हलगी थांबली. मी बाकाजवळ गेले. हात लावला नाही. जे समोर आहे ते साध्या आवाजात सांगत गेले: ही शाळा आहे. रविवार आहे. खिडकीला हिरवा रंग आहे. फरशी कोरडी आहे. पाय बाकावर टेकलेत का बघा, टाचा टेकलेत का बघा. टाचा टेकल्या. श्वास खाली आला.

पण हात वरच होते. जे धरलंय ते सोडायला त्या तयार नव्हत्या. ‘ते कुठे ठेवायचंय?’ एवढंच विचारलं. ‘माळ्यावर,’ त्या म्हणाल्या. धाकट्या जाऊबाई पुढे झाल्या, बाकाशेजारी टेबल ओढलं. थोरलीने टेबलावर चढून, टाचा उंच करून ते ओझं वर ठेवलं, आत सरकवलं, हाताने चाचपून बघितलं. मग खाली उतरल्या आणि म्हणाल्या, ‘चहा झाला का?’

चहा पिताना त्यांनी स्वतःहून चार वाक्यं सांगितली. ऑगस्ट 2019. घराची कागदपत्रं आणि पोरांची सर्टिफिकेटं एका पिशवीत. माळा नव्हताच त्या घराला. रात्रभर हात वर धरून उभ्या. ते बोलणं तिथेच राहिलं, कुणी पुढे काही विचारलं नाही.

इथे ज्यांनी ते पुराचे दिवस काढले त्यांना आकडे तोंडपाठ आहेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बातम्यांत कृष्णेचे फूट येतात. एखादीच्या कोपरात पाणी किती उरलंय, हे कोण मोजणार?

मंगळवार, 22 जुलै

एका अनुभवी समुपदेशक मैत्रिणीशी दीड तास बोलणं झालं. तिने एक सीमा पुन्हा स्पष्ट करून दिली आणि ती वहीत लिहून ठेवणं गरजेचं आहे: आमचं काम उपचारांचं नाही. जेकब मोरेनो यांनी व्हिएन्नात 1920च्या दशकात उत्स्फूर्त नाटक सुरू केलं, त्यातून पुढे मनोनाट्य ही उपचारपद्धती उभी राहिली. ती करायला रीतसर प्रशिक्षण लागतं. आम्ही खेळ घेतो. खेळात काही वर आलं तर त्याला जमिनीवर सुखरूप उतरवायचं. मुद्दाम उकरायचं नाही, आणि अर्धवट उघडंही सोडायचं नाही. गरज दिसली तर मैत्रिणीचा नंबर द्यायचा.

जाऊबाईंना फोन केला. झोप चांगली लागली म्हणाल्या. पुढच्या रविवारी येणार का विचारलं तर, ‘येणार की. का?’

पाण्याचा विषय टाळायचा का, यावर सहकारी आणि माझं एकमत होत नव्हतं. शेवटी गटालाच विचारायचं ठरलं.

रविवार, 27 जुलै

गटाने पाणीच मागितलं. पण एक अट घातली, ती शाळेतल्या बाईंनी: ‘चढणारं नको. ओसरलेलं घ्या.’

मग ऑगुस्तो बोआल यांची पुतळ्यांची पद्धत घेतली. ब्राझीलच्या या नाटककाराने 1973 मध्ये पेरू देशातल्या साक्षरता मोहिमेत काम करताना ती वापरली. बोलायचं नाही, माणसांच्या अंगांनी चित्र उभं करायचं. पहिलं चित्र जसं आहे तसं, दुसरं जसं हवं तसं. आणि तिसरं, सगळ्यात अवघड: पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचं कसं?

पहिलं चित्र, पाणी ओसरल्यानंतरची सकाळ. कुणी खराट्याने गाळ ओढतंय. कुणी दोरीवर कागद वाळत घालतंय. कॅशिअर तरुण एकेक नोट फरशीवर पसरतोय, अंगठा तोच. काका ओल्या पोत्यात हात घालून उभे, हळकुंड मोडतायत, पण कानाजवळ नेत नाहीत. आजी पायरीवर बसलेल्या, हात मांडीवर, काहीच करत नाहीत.

दुसरं चित्र पटकन झालं, सण-जेवणाचं. फार चांगलं नव्हतं, जाहिरातीतल्या कुटुंबासारखं दिसत होतं.

तिसऱ्यावर पाऊण तास गेला. प्रत्येक जण आपापलं ओझं आपणच उचलत होता, त्यामुळे चित्र पुढे सरकेना. इंजिनिअरिंगवाल्या मुलाने न बोलता आजींच्या शेजारी जाऊन हात पुढे केला, काहीतरी घेण्यासाठी. आजींनी मांडीवरचे हात उचलून त्याच्या हातात दिले. त्याने ते ‘काहीतरी’ नर्सताईंना दिलं, त्यांनी काकांना. सोळा जणांची साखळी झाली. टोकाला थोरल्या जाऊबाई होत्या. आलेली प्रत्येक वस्तू त्या टेबलावर, त्याच माळ्यावर रचत गेल्या. बराच वेळ. हलगी अगदी हळू चालू होती.

रविवार, 10 ऑगस्ट

श्रावण. आज सत्र आजींनी घेतलं, आम्ही दोघे गटात.

मंगळागौरीचे खेळ आम्ही आधीपासून वापरतो, पण आजी शिकवतात तेव्हा त्यातली कारागिरी दिसते. झिम्म्याच्या टाळ्यांत कुणी चुकलं तर त्या थांबवत नाहीत, ठेका धरून ठेवतात, चुकलेला माणूस आपोआप परत येतो. लाटा बाई लाटामध्ये कंबर कुठून हलली पाहिजे ते त्या बोट लावून दाखवतात. फुगडीला तर त्यांचे तीन नियम: पाय जवळ, हात ताठ, आणि मागे रेला. ‘भीती वाटली की माणूस पुढे येतो, आणि पुढे आला की पडतो.’ फुगडीचं शास्त्र हेच आहे. दोघांची वजनं एकमेकांना तोलतात, म्हणून दोघांनी सारखं मागे जायला हवं. एकाने हातचं राखलं तर दोघेही डगमगतात.

पुरुष आधी भिंतीला. मामा म्हणाले, ‘हे बायकांचं.’ आजींनी विचारलं, ‘वारीत फुगडी घालतात ते कोण असतात मग?’ दोन्ही वारकरी लगेच पुढे आले. काका आणि मामा यांची फुगडी लागली तेव्हा बाकीच्यांनी सतरंज्या ओढून जागा केली. काका आधी वजन देईनात. आयुष्यभर वजन मोजणारा माणूस स्वतःचं वजन दुसऱ्याच्या हातात टाकायला तयार नव्हता. तिसऱ्या गिरकीला त्यांनी मान मागे टाकली आणि मग दोघांना थांबवता थांबवेना.

आजी स्वतः फुगडी घालत नाहीत, गुडघे. पण बैठ्या फुगडीतली हातांची अदलाबदल त्यांनी खुर्चीवर बसून इंजिनिअरिंगवाल्या मुलाबरोबर केली. त्यांचा उजवा हात आज खांद्याच्या किंचित वर गेला. मुलाने ते बघितलं आणि आपलाही तेवढाच वर नेला.

रविवार, 17 ऑगस्ट

शेवटी कार्यक्रम करायचा की नाही यावर वाद. नर्सताई आणि कॅशिअर यांना हवाय, घरच्यांना दाखवायला. काका आणि धाकट्या जाऊबाई यांनी ठाम नकार दिला. माझं मत विचारलं तेव्हा स्पष्ट सांगितलं: समोर प्रेक्षक बसले की लक्ष खेळावरून सरकून ‘मी कसा दिसतोय’कडे जातं, आणि इतके रविवार आपण ज्यातून बाहेर पडलो तिथेच परत जाऊ. तरी घरच्यांनी बघावं ही इच्छा अगदी रास्त आहे. तोडगा बाईंनी काढला. घरच्यांना बोलवायचं, पण खुर्च्या मांडायच्या नाहीत. आलेल्या प्रत्येकाने खेळायचं.

रविवार, 24 ऑगस्ट

जवळपास चाळीस माणसं. सतरंज्या कमी पडल्या, कडेची फरशी उघडी राहिली, तिथे चपला काढून फक्त चालण्याचे खेळ घेतले.

सगळं गटानेच चालवलं. हलगीचा उलटा नियम कॅशिअरने समजावून सांगितला आणि आपल्या मॅनेजरसाहेबांना दोनदा बाद केलं. आरशात नर्सताई आणि त्यांची मुलगी होत्या. मुलीने आईच्या डोक्याजवळ हात नेऊन वेणी घालायची हालचाल केली, नर्सताईंनी प्रतिबिंब म्हणून ती मुलीच्या केसांत केली, सावकाश. बाईंच्या वर्गातली तीन मुलं आली होती. त्यांना राक्षसाची आरोळी आधीच येत होती. वर्ग गलका करतो तेव्हा बाई आता फुर्र करतात आणि वर्गही फुर्र करतो, असं त्यांनी सांगितलं. बाईंचा आवाज दुपारपर्यंत टिकतो आहे.

इंजिनिअरिंगवाल्या मुलाचे वडील दारातच उभे होते. आत या म्हटलं तर, ‘मी बघतो इथून.’ मुलाने त्यांना आग्रह केला नाही. साखळीच्या खेळाची ओळ त्याने वळवत वळवत दारापर्यंत नेली आणि शेवटची वस्तू वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी घेतली. आता ती ठेवायची कुठे, म्हणून त्यांना चार पावलं आत यावं लागलं.

पुढची तुकडी दिवाळीनंतर. हा हॉल तेव्हा मिळणार नाही, सहामाही परीक्षेनंतर तिथे रंगकाम आहे. काकांनी यार्डातला एक रिकामा गाळा सुचवलाय. सौदे दुपारी आटोपतात, त्यानंतर हमाल, तोलाईदार, दिवाणजी असे दहा-बारा जण येतील म्हणतात. जमीन कोब्याची आहे, कोरडी. हळदीच्या धुळीने आवाजाच्या खेळात त्रास होईल का, हे आधी जाऊन बघावं लागेल. आजींना विचारलंय, झिम्म्याचं सत्र त्या घेणार आहेत. नातीने गाडीवरून सोडायचं कबूल केलंय.